मारुती आठशेचा टेम्परेचर काटा संध्याकाळी एचवर (हॉट), पण इंजिन उकळत नाही. हेड खोलायचं का?

सावली | १८ मे, रात्री ९:५२

नमस्कार. गाडी १९९८ ची आठशे, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी नवी घेतली होती आणि आजही तेच चालवतात. वय ७१, पण नागपुरात मानेवाड्याहून धरमपेठेला आत्याकडे स्वतःच जातात.

दोन महिन्यांपासून टेम्परेचरचा काटा दिवसा मध्याच्या थोडा वर असतो. संध्याकाळी घरी परतताना मात्र हळूहळू चढत थेट एचपर्यंत जातो. बाबा घाबरून अजनीजवळ गाडी बाजूला घेतात, बॉनेट उघडून वीस मिनिटं उभे राहतात आणि मग निघतात. एवढ्या उन्हाळ्यात या वयात त्यांनी रस्त्यावर असं ताटकळणं मला बघवत नाही.

आतापर्यंत झालेले प्रकार: दोन गॅरेजमध्ये मिळून सेन्सर दोनदा बदलला. रेडिएटर धुऊन घेतला. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची पट्टी) गेलं असणार, हेड म्हणजे ते झाकण खोलावं लागेल. पण पाणी कमी होत नाही, पंखा लागतो आणि बंदही होतो, वाफ एकदाही आलेली नाही. हेड खोलायला बाबांचा जीव होत नाही, माझाही. कोणी नीट मार्ग सांगेल का?

बर्डीवाला | १८ मे, रात्री १०:१५

ताई, थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे इंजिन गार असताना रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून फेका. नागपूरच्या उन्हात त्याचं कामच नाही. माझ्या दोन्ही गाड्यांचे काढलेले आहेत, काटा कधी वर येत नाही. हेड नका खोलू.

जुना_पाना | १८ मे, रात्री ११:०५

हेड अजिबात खोलू नका. आणि वॉल्व्ह काढायचा की नाही, हा विषय आज नको. आधी एकच प्रश्न सोडवायचा: इंजिन खरंच गरम होते, की फक्त काटा तसं सांगतो? हे ठरवल्याशिवाय एक रुपयाचाही पार्ट घेऊ नका. दोन सेन्सर बदलले म्हणता, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असावी.

मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच शहरात काय झालं ते आठवा. एका स्वयंचलित हवामान केंद्रानं नागपूरचं तापमान ५६ अंश दाखवलं आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. शहरातल्या बाकी केंद्रांवर तेव्हा ४४ च्या आसपास आकडे होते. एकाच आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, शेजारचा दुसरा आकडा पाहायचा. गाडीतही तेच करा.

तुमच्या लिहिण्यात एक शब्द मला महत्त्वाचा वाटला, तो म्हणजे संध्याकाळी. संध्याकाळी ऊन उतरलेलं असते, इंजिनाला उलट सोपं जायला पाहिजे. मग संध्याकाळी वेगळं काय होते? दिवे लागतात. म्हणून उद्या एवढंच करा. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. टेम्परेचरचा आणि पेट्रोलचा, दोन्ही काटे पाहून ठेवा. मग हेडलाइट लावून दोन-तीन मिनिटं थांबा. या जुन्या मीटरांचे काटे आळशी असतात, त्यांना वेळ द्या. दोन्ही काटे वर सरकले तर इथे सांगा.

एक सूचना. कोणीही काहीही सांगो, गरम इंजिनाची रेडिएटर कॅप उघडायची नाही. कॅपच्या दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. कॅप सुटली की दाब जातो आणि त्याच क्षणी पाणी उसळून उकळतं पाणी आणि वाफ तोंडावर येते. बाबांना हे नक्की सांगा.

सावली | १९ मे, सकाळी ७:२०

काका, केलं. इंजिन रात्रभर गार होतं. नुसती चावी फिरवल्यावर टेम्परेचरचा काटा सीच्या (कोल्ड) किंचित वर, पेट्रोल अर्ध्याच्या खाली. हेडलाइट लावून तीन मिनिटांनी टेम्परेचरचा काटा पाव भागाजवळ आला आणि पेट्रोल अर्ध्याच्या वर गेलं! दिवे बंद केल्यावर दोन्ही हळूहळू खाली आले. बाबा म्हणतात पेट्रोलचा काटा रात्री वर जातो हे त्यांना कधीपासून दिसते, पण टाकीत पेट्रोल हलते म्हणून असेल असं वाटून त्यांनी लक्षच दिलं नव्हतं.

जुना_पाना | १९ मे, सकाळी ८:४०

आता चित्र बरंच साफ झालं. गार इंजिनात काटा चढतो, तेव्हा गरमीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि टाकीतला पेट्रोलची पातळी सांगणारा फ्लोट व इंजिनातला सेन्सर एकमेकांपासून गाडीच्या दोन टोकांना आहेत. दोन्हींचे काटे एकदम चुकतात म्हणजे बिघाड दोघांत जे सामाईक आहे तिथे आहे. सामाईक काय? मीटरला येणारी वीज आणि मीटरची अर्थ, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीला परत नेणारी वायर.

जुन्या मीटरांत काट्यामागे दोन धातूंची पट्टी राहते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. करंट गेला की पट्टी तापून वाकते आणि काटा हलतो. बॅटरीचे व्होल्ट कमी-जास्त झाले तरी काटा स्थिर राहावा म्हणून मीटरमध्ये एक छोटा स्टॅबिलायझर असतो, तो दोन्ही काट्यांना ठरलेले कमी व्होल्ट देतो. हा स्टॅबिलायझर आपलं शून्य मीटरच्या अर्थवरून मोजतो. ती अर्थ गंजली की डॅशबोर्डच्या दिव्यांचा करंट तिथे अडतो आणि मीटरचं शून्यच दीड-दोन व्होल्ट वर उचललं जाते. बाहेर पडणारे व्होल्ट तेवढे वाढतात, दोन्ही काटे एकदम वर. दिवसा दिवे बंद, म्हणून दिवसा चूक थोडी.

फक्त टेम्परेचरचा काटा चुकला असता तर मी तुम्हाला सेन्सरकडे पाठवलं असतं.

कामठीकर | १९ मे, दुपारी १:३०

काकांचं बरोबर आहे, पण खरं तापमान मोजूनच घ्या, मनाला शांती मिळते. इन्फ्रारेड थर्मामीटर कोणाकडून तरी मागून आणा. वरचा मोठा होज (रबरी पाइप) इंजिनाला जिथे लागतो ते ॲल्युमिनियमचं झाकण, त्यावर मोजायचं. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मामीटर खूप कमी आकडा दाखवतो. मी पहिल्यांदा फसलो होतो, उकळत्या इंजिनावर ५० दाखवत होता. त्या जागी काळी चिकटपट्टी लावा आणि पट्टीवर नेम धरून मोजा. पंखा ज्या क्षणी लागतो तेव्हाचा आकडा आणि बंद होतो तेव्हाचा, दोन्ही लिहून ठेवा. बोटं आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो.

सौंसरवाला | १९ मे, रात्री ९:१०

सावलीताई, तुमचा काटा वर जातो हे एका परीनं बरं आहे. बाबा थांबतात तरी. माझा खाली पडला होता, आणि त्यात माझं इंजिन गेलं. ते सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट फार लोकांना माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरहून छिंदवाड्याला चाललो होतो, गाडी वेगळी, पण तीही जुनी. सावनेर, सौंसर ठीक गेलं. सिल्लेवानी घाट चढताना काटा मध्याच्या वर आला, मी पाहिला. पाच मिनिटांनी पुन्हा पाहतो तर काटा पार सीजवळ. मला वाटलं, वारा लागला, गार झाली. एसी चालू ठेवून चढतच राहिलो. आणखी दोन किलोमीटरवर इंजिनाचा आवाज कोरडा झाला, ताकद गेली, मग बंदच पडली.

खालचा होज फाटला होता. पाणी सगळं वाटेत गळून गेलं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच खाली गेलं तर तो आत रिकाम्या जागेत लटकतो, आणि धातू जळत असला तरी काट्याला गार वाटते. हेड वाकलं होतं. सोबत आई होती, संध्याकाळ झाली होती, घाटात दीड तास थांबलो.

तेव्हापासून घरात सगळ्यांना शिकवलं आहे: काटा चढून अचानक खाली पडला तर तो एचवर गेल्यासारखाच समजायचा. गाडी बाजूला, इंजिन बंद, कॅपला हात नाही. वर जाणाऱ्या काट्याला सगळे भितात, खाली पडणाऱ्याला कोणीच भीत नाही.

जुना_पाना | १९ मे, रात्री १०:०२

सौंसरवाला भाऊ, हे लिहिलं ते फार चांगलं केलं. मी इतकी वर्षं पोरांना वायरिंग शिकवली, प्रत्येक बॅचला हे पहिल्या आठवड्यात सांगत होतो.

सावली, रविवारी ही कामं याच क्रमानं करा.

सेन्सर खरा आहे का ते पाहा. तुमच्या गाडीत काट्याचा सेन्सर म्हणजे एकच वायर असलेला छोटा पितळी बोल्ट. पंख्याचा स्विच वेगळा असतो, गल्लत करू नका. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत कॉम्प्युटरसाठी दोन वायरींचा आणखी एक वेगळा असतो आणि गॅरेजवाले बरेचदा भलताच बदलून देतात. चावी ऑन, इंजिन बंद. एका वायरीच्या सेन्सरची वायर काढली की काटा सीवर बसला पाहिजे. तीच वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवली की काटा एचकडे निघाला पाहिजे. निघाला की लगेच सोडा, धरून ठेवू नका, काट्याची तार जळेल. एवढं झालं म्हणजे वायर आणि काटा शाबूत.

मग मल्टीमीटरवर सेन्सरचा रेझिस्टन्स, इंजिन गार असताना आणि फिरवून आणल्यावर. गार असताना जास्त, गरम झाल्यावर खूप कमी, असाच पाहिजे. सेन्सर बदलताना कोणी चुडीवर (आट्यांवर) पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर काढा. एका वायरीचा सेन्सर आपली अर्थ चुडीतूनच घेतो.

शेवटी मुख्य तपास. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन मीटरच्या अर्थ वायरीला. हेडलाइट चालू. जवळजवळ शून्य आलं पाहिजे. अर्धा व्होल्टही आला तर चोर सापडला.

सावली | २४ मे, दुपारी १२:४०

उद्यापासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हणून आज शनिवारीच पहाटे पाचला बसलो. बाबा टॉर्च धरून, मी पाना घेऊन. बर्डीच्या बाजारातून मल्टीमीटर आणला आणि शेजारच्या एसीवाल्या दादांकडून इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला.

सेन्सर: वायर काढल्यावर काटा सीवर, टेकवल्यावर एचकडे. रेझिस्टन्स गार असताना ३०० ओहमच्या आसपास, अर्धा तास फिरवल्यावर ७५. चुडीवर खरंच पांढरी टेप होती, काढली.

मीटरची अर्थ: हेडलाइट चालू करून २.१ व्होल्ट! बाबांना आकडा दाखवला तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

अर्थची काळी वायर डॅशबोर्डखाली स्टिअरिंगच्या बाजूला बॉडीला एका बोल्टनं लावलेली सापडली. बोल्ट हातानंच फिरत होता. खाली हिरवट पांढरा थर आणि त्याखाली गंज. कधीतरी पावसात काचेच्या रबरातून पाणी आलं होतं, तेच तिथे उतरलं असणार. बॅटरीचं निगेटिव्ह सोडून बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं बॉडी चकचकीत होईपर्यंत घासली, वायरचं टोक कापून नवं थिंबल दाबलं, स्टार वॉशर टाकून घट्ट केलं. पुन्हा मोजलं: ०.०४.

आता दिवे लावा, बंद करा, काटे जागचे हलत नाहीत.

पण नवीन प्रश्न आला. आता काटा पावाच्याही खालीच राहतो. अर्धा तास चालवून काळ्या पट्टीवर मोजलं तर ६८ अंश. पंखा लागलाच नाही, फक्त गाडी जागेवर बराच वेळ चालू ठेवल्यावर ९५ ला लागला. हे बरोबर आहे का?

जुना_पाना | २४ मे, दुपारी १:५५

०.०४ वाचून फार आनंद झाला. पहिला आजार बरा झाला. आणि त्या आजारानं दुसरा इतके दिवस झाकून ठेवला होता, तो आता दिसला.

तुमच्या सेन्सरचे ७५ ओहम, थर्मामीटरचे ६८ अंश आणि खाली बसलेला काटा, तिन्ही एकच गोष्ट सांगून राहिले. इंजिन खरंच गार चालते. उद्या गार इंजिन सुरू करून वरच्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर होज काही मिनिटं गार राहील आणि मग एकदम गरम होईल. पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर आत वॉल्व्ह नाही, किंवा उघडाच अडकला आहे. बाबांना विचारा, कधी काढला होता का?

सावली | २४ मे, दुपारी २:२०

बाबांना लगेच आठवलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका मेकॅनिकनं काढून हातात दिला होता. ‘नागपुरात लागत नाही’ म्हणाला होता. बाबांनी तो अजून जपून ठेवला आहे, पेटीत सापडला!

बर्डीवाला | २४ मे, दुपारी ३:०५

मी पहिल्याच दिवशी तोच सल्ला दिला होता. मला मनापासून समजून घ्यायचं आहे, काका. काटा खाली राहिला तर नुकसान काय? आपल्याकडे तर ४५-४६ सहज होते. २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं, मी त्या दिवशी वर्धा रोडवर होतो.

जुना_पाना | २४ मे, संध्याकाळी ५:३०

चांगला प्रश्न. ४७.९ ही हवा झाली. इंजिनाला हवं असते ८० ते ९५. त्याच्यापुढे नागपूरचा मेही गारच. वॉल्व्ह इंजिनाला लवकर त्या पट्ट्यात नेतो आणि तिथे टिकवतो. इंजिन ६५-७० वर फिरत राहिलं तर ऑइल पुरतं तापत नाही, त्यातला पाण्याचा अंश उडत नाही आणि काळा चिखल साचतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल नीट वाफाळत नाही, कच्चं जाते, ॲव्हरेज पडते. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे १० अंशांपर्यंत उतरते, तेव्हा अर्ध्या शहराचा फेरा संपेपर्यंत इंजिन गार.

दुसरं, बऱ्याच इंजिनांत वॉल्व्ह उघडतो तेव्हाच बायपासचं तोंड बंद करतो. वॉल्व्ह काढला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत इंजिनात जाते. म्हणजे हायवेवर गार आणि ट्रॅफिकमध्ये उलट जास्त गरम. आधी तापणारी गाडी वॉल्व्ह काढल्यानं गार झाली असेल तर एक तर वॉल्व्ह मिटूनच अडकला होता, नाहीतर रेडिएटर चोकअप होता आणि आपण त्याचं दुखणं झाकलं. तुमच्या दोन्ही गाड्यांत परत टाकून पाहा, भाऊ. आधी रेडिएटर साफ करा.

सावली, जुना वॉल्व्ह लगेच टाकू नका. पातेल्यात पाणी घ्या, वॉल्व्ह दोरीनं टांगून बुडवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. त्यावर बहुधा ८२ कोरलेलं असेल. त्या सुमारास उघडायला लागून पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला तरच ठेवा. नऊ वर्षं पेटीत होता, माझा कल नवा घेण्याकडे आहे. नवं गॅस्केट लावा आणि बारीक भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला येऊ द्या, हवा तिथून निघते.

कामठीकर | २४ मे, संध्याकाळी ६:१५

भरताना बोअरचं पाणी घालू नका. आपल्या कूलरच्या टाकीत आणि गवताच्या जाळीवर एका उन्हाळ्यात केवढा पांढरा थर बसतो पाहिलात ना? तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावर बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं घाला. हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरा म्हणजे हवा अडकत नाही.

सावली | १ जून, रात्री ८:३०

जुना वॉल्व्ह पातेल्यात घातला, उकळलं तरी अर्धाच उघडला. नवा आणला, ८२ चा. बोनेटखालचं काम कोपऱ्यावरच्या दादांकडून माझ्यासमोर करून घेतलं, कूलंट बदललं. आता काटा पंधरा मिनिटांत मध्याच्या किंचित खाली येतो आणि तिथेच थांबतो. काळ्या पट्टीवर ८६. ट्रॅफिकमध्ये पंखा लागण्याच्या वेळी ९४, बंद झाला तेव्हा ८९.

आज बाबा आईला घेऊन रामटेकला गेले होते, मी मागे बसले. परतताना कामठीच्या अलीकडे अंधार झाला, बाबांनी दिवे लावले आणि पुढची दहा मिनिटं रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त पाहत होते. शेवटी आईनं सांगितलं, समोर बघा. काटा हलला नाही. अजनीला गाडी न थांबवता पुढे नेली.

एक राहिलंच. पेट्रोलचा काटा आता संध्याकाळीही पावावर दाखवतो तेव्हा टाकीत खरंच पाव असते. बाबा इतके महिने रात्रीच्या अर्ध्या टाकीच्या भरवशावर फिरत होते.

सगळ्यांचे मनापासून आभार. सौंसरवाला दादा, तुमची घाटातली गोष्ट बाबांना दोनदा वाचून दाखवली.

जुना_पाना | १ जून, रात्री ९:१५

बाबांना माझा नमस्कार सांगा. त्या अर्थच्या बोल्टवर आता व्हॅसलिनचा पातळ थर लावा. आणि काचेचं रबर पाऊस सुरू व्हायच्या आत बदलून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी पाणी त्याच बोल्टवर पुन्हा उतरेल. मृगाला आठवडाच राहिला आहे.